सोडलीय, पण कुणाला सांगितलेलं नाही

पत्र थोडक्यात असं: लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवणारे एक गृहस्थ, वय ३९. बारा वर्षांपासून पितात, गेली दोन वर्षं रोज संध्याकाळी. महिन्याभरापूर्वी अशाच एका संध्याकाळी हरभऱ्यावरच्या घाटे अळीचं औषध मागायला आलेल्या शेतकऱ्याला त्यांनी उसातल्या तणनाशकाची बाटली दिली. अर्धा एकर हरभऱ्याची पानं मुरगळून वाळून गेली. भरपाई देऊन त्यांनी विषय मिटवला आणि त्याच रात्रीपासून दारू बंद केली. आज २३ दिवस झाले. पहिले चार दिवस हात थरथरले, घामानं अंथरूण भिजायचं. घरात 'ताप आहे' म्हणून सांगितलं, गावातल्या डॉक्टरांकडून दोन सलाईन लावून घेतल्या. सोडल्याचं फक्त बायकोला माहीत आहे. आता येळवस (वेळ अमावस्या, या दिवशी रानात पूजा आणि जेवण असतं) आठ दिवसांवर आली आहे. दरवर्षी त्यांच्याच शेतात, त्यांच्याच आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) संध्याकाळी मित्र बसतात. पुढच्या महिन्यात एका कंपनीची डीलर मीटिंग आहे, हॉटेलात. वडील वर्षानुवर्षं 'माळ घाल' म्हणतात. बायको रोज रात्री तोंडाचा वास घेते. ते विचारतात, "ताई, मन खंबीर असेल तर मित्रांत बसून थम्सअप प्यायला काय हरकत आहे? पक्कं होईपर्यंत कुणाला कळू नये असं वाटतं. आणि येळवशीची आंबील चालेल का? ती आंबवलेली असते."

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. 'कुणाला कळलं नाही', 'कुणाला बोललो नाही', 'कुणाला कळू नये' अशा वाक्यांखाली रेघा मारत गेले, पाच झाल्या. हरभऱ्याचा विषय तुम्ही पैसे देऊन गुपचूप मिटवला. हात थरथरत होते त्याला ताप म्हणालात. आणि आता दारू सोडलीय तर तीही चोरून. पिणारा माणूस लपवाछपवी करतो हे मी समजू शकते. सोडणारा कशाला करतोय?

कारण तुम्ही दिलंय. आधी सांगितलं आणि मग मोडलं तर गाव हसेल. पण भाऊ, तुम्ही पिता हे गावाला बारा वर्षं माहीत आहे. तुमची मोटारसायकल रात्री आठला कुठं उभी असते हे शाळेतली पोरंसुद्धा सांगतील. परमिट रूममधल्या पोऱ्याला तुम्ही बसायच्या आधी तुमची ऑर्डर पाठ असेल. गावापासून लपलेली गोष्ट एकच, ती म्हणजे तुम्ही सोडलीय. लाजेची गोष्ट चव्हाट्यावर आणि अभिमानाची कडीकुलपात, असा हा उफराटा कारभार आहे.

थोडं कडू बोलते, राग मानू नका. न सांगण्यात एक सोय असते. ज्याला माहीत नाही तो अडवणार नाही. उद्या ग्लास उचललात तरी कुणाची भुवई वर जाणार नाही, सगळं कालच्यासारखंच दिसेल. तुम्ही हे मुद्दाम करताय असं मी म्हणत नाही, पण मागचं दार नुसतं लोटलेलं आहे, कडी लावलेली नाही. आणि ते तुम्हालाही कुठंतरी ठाऊक असावं, नाहीतर तुम्ही हे पत्र लिहिलं नसतं.

दुसरं, तुमचं ते 'पक्कं'. ते कधी होतं? एक महिना, सहा महिने, पाच वर्षं? अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मीटिंगमध्ये पंधरा-वीस वर्षं न प्यायलेली माणसंही 'आजचा दिवस नाही घ्यायची' एवढंच म्हणतात. पक्कं झाल्यावर सांगू म्हणणारा कायम सांगायचा राहतो.

या एएची सुरुवात कशी झाली ते तुमच्या डीलर मीटिंगच्या निमित्तानं सांगण्यासारखं आहे. मे १९३५, अमेरिकेतलं ॲक्रन शहर. बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस धंद्याच्या कामाला तिथं आला होता आणि काम फिसकटलं. दारू सोडून त्याला पाचेक महिने झाले होते. हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्यानं टेलिफोन गाठला. चर्चच्या लोकांना फोन लावत, मला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचंय असं सांगत सांगत तो डॉक्टर बॉब स्मिथ नावाच्या एका सर्जनपर्यंत पोचला. लक्षात घ्या, तो बॉबला सुधारायला निघाला नव्हता. त्या संध्याकाळी त्याला स्वतःला वाचायचं होतं आणि त्यासाठी कुणाला तरी 'मी असा आहे' हे सांगणं भाग होतं. बॉबनंही सोडली. मग काही दिवसांनी ते डॉक्टरांच्या अधिवेशनाला परगावी गेले आणि पिऊन परतले. शेवटची घेतली ती १० जून १९३५ ला, आणि तोच दिवस एएचा स्थापना दिवस मानतात. म्हणजे जी संघटना पुढं जगभर गेली, भारतात १९५७ मध्ये आली, तिचा वाढदिवस एका मोडलेल्या शपथेनंतर येतो. मोडलं तर लोक हसतील याची धास्ती तुम्हाला आहे म्हणून हे एवढं लांबवून सांगितलं.

आता येळवस.

'मन खंबीर असेल तर' या तुमच्या शब्दांवर माझा विश्वास बसत नाही. तुमच्या मनाबद्दल शंका नाही, मनाकडून तुम्ही जे काम करून घेऊ पाहताय ते त्याचं नाही. तुम्ही औषधं विकता, तुम्हाला लव्हाळा नवा नाही. वरून जळतो, रान स्वच्छ दिसतं, आणि पाणी मिळालं की खालच्या गाठीतून पुन्हा फुटतो. २३ दिवसांत वरचं जळलंय. तोच आखाडा, तीच माणसं, तोच चकणा, तीच दिवस मावळायची वेळ, हे सगळं त्या गाठीला पाणी आहे. बारा वर्षं मेंदूनं या गोष्टींची सांगड घातलीय. त्या जागी बसलं की तोंडाला पाणी आधी सुटतं, विचार मागून येतो. आपल्याकडं 'बसायचं का?' एवढंच विचारतात, कशाला ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. ती बैठकच दारू आहे भाऊ, ग्लासात थम्सअप असली तरी.

म्हणून या वर्षी संध्याकाळची बैठक नाही. पण येळवस सोडायची नाही, मुळीच नाही. कोपीतली (कडब्याच्या खोपटातली) पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, सगळ्या पाहुण्यारावळ्यांना रानात बोलावणं, हे तुमचं आहे. दारूवाल्यांनी ते बारा वर्षं भाड्यानं घेतलं होतं. या खेपेला दुपारी भरपूर माणसं बोलवा, बायका-पोरं जास्त येतील असं बघा, आणि दिवस कलायच्या आत सगळ्या गोतावळ्याबरोबर गावाकडं निघा. मागे थांबायचं नाही, भांडी आणायलासुद्धा नाही. भांडी सकाळी आणता येतात. (नांदेडकडचे वाचक असतील तर माळेगावच्या यात्रेला हेच लागू. दुपारी घोडे बघा, देवदर्शन करा, मुक्काम करू नका.)

मित्रांना काय सांगायचं? बरेच जण 'औषध चालू आहे' म्हणतात. लांबच्या लोकांत ते खपून जातं. जवळच्या मित्रांना सांगाल तर आठ दिवसांनी ते विचारतील, संपलं का औषध? मग नवी थाप लागेल आणि तुम्ही पुन्हा लपवायच्या धंद्यात. त्यापेक्षा 'मी सोडली' हे दोन शब्द. का सोडली, किती दिवस झाले, काय झालं होतं, यातलं काही सांगायला तुम्ही बांधलेले नाही. कुणीतरी म्हणेलच, 'लई शहाणा झालास', 'एका पेगनं काय मरतोस का'. त्याच्याशी वाद घालू नका. जो फार आग्रह करतो तो बहुधा स्वतःच्या ग्लासाकडं बघून बोलत असतो.

आणि हे येळवशीच्या दिवशी आखाड्यावर जाहीर करू नका. आधीच, या आठ दिवसांत, त्या टोळक्यातल्या एकाला गाठा. जो कमी पितो किंवा ज्याची तुम्हाला भीड वाटते, तो. दुकानात चहाला बोलवा आणि सांगा. एकाला सांगितलं की चौघांना कळतं, ते काम गाव फुकट करतं.

डीलर मीटिंगचं माझं उत्तर आखूड आहे: यंदा जाऊ नका. स्कीमचा कागद व्हॉट्सॲपवर येतो. जाणं टळतच नसेल तर स्वतःच्या गाडीनं जा, कंपनीच्या गाडीत बसलात की परतायची वेळ दुसऱ्याच्या हातात जाते. भाषणं ऐका आणि जेवण मांडायच्या आधी निघा.

माळेबद्दल मात्र मला जरा सावकाश बोलायचंय, कारण आपल्या भागात दारू सोडायचा तो सगळ्यात जुना आणि अजूनही चालणारा रस्ता आहे. वारकरी झालेले, गळ्यात तुळशीची माळ आल्यावर पुन्हा थेंबाला न शिवलेले लोक मी पाहिलेत, तुम्हीही पाहिले असतील. माळेची खरी ताकद काय, तर ती तुमच्या वतीनं बोलते. माळकऱ्याला कुणी 'बसायचं का' विचारत नाही. म्हणजे जे तुम्ही टाळताय, सांगणं, तेच ती गळ्यातून दिवसभर करते. वडिलांना हे कदाचित शब्दांत मांडता येत नसेल, पण ते चुकीचं सांगत नाहीयेत.

तरीही आज लगेच घाला असं मी म्हणणार नाही. माझे एक मामा होते. त्यांनी आषाढीला माळ घातली, चार महिने राहिले. मग एका लग्नात घसरले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा शिरस्ता ठरला: संध्याकाळी माळ काढून देवघराजवळच्या खुंटीला अडकवायची, सकाळी आंघोळ करून पुन्हा घालायची. आजी त्या खुंटीकडं बघायची आणि काही बोलायची नाही. आधीपेक्षा जास्त प्यायला लागले ते, कारण आता पिण्यावर पापाचं ओझंही होतं. माळ मोडली म्हणजे आता सगळंच मोडलं, मग एक काय अन् चार काय, असा हिशेब मन फार पटकन करतं. म्हणून माझं मत असं की माळ कुलूप म्हणून घालू नये. आधी वडिलांना सांगा की २३ दिवस झाले. नुसतं एवढं. आषाढीपर्यंत वेळ आहे. तोवर चार लोकांना सांगायची सवय झाली असेल, आणि तेव्हा भक्तीनं घालावीशी वाटली तर जरूर घाला. भीतीनं घालू नका.

आता तुमची तक्रार, बायको वास घेते. तुम्ही लिहिलंय, "विश्वासच नसेल तर सोडून उपयोग काय?" हे वाक्य जपून ठेवा, कारण पहिला पेग याच वाक्यावर बसून येतो. तिच्या नाकाला बारा वर्षांचा अनुभव आहे, तुमच्याजवळ २३ दिवस आहेत. हिशेब तुम्हीच करा. तिनं सर्टिफिकेट द्यावं म्हणून तुम्ही सोडली होती का? तिला वास घ्यावा लागू नये असं वाटत असेल तर दारात आल्या आल्या स्वतःहून सांगा, आज सहाला फार आठवण झाली होती, मग असं असं केलं. चांगलं झालं ते सांगताच, वाईट झालं तेही सांगा. संध्याकाळचा गल्ला महिनाभर तिच्या किंवा मोठ्या मुलाच्या हातात जाऊ द्या, फोन पेचंही तेच. यात अपमान नाही. खिशात पैसे नसणं हे संध्याकाळी साडेसातला फार मोठं बळ असतं. तिलाही कुणाशी तरी बोलावंसं वाटत असेल. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाचे वेगळे गट असतात.

साडेसातची वेळ हीच तुमची खरी परीक्षा आहे, येळवस वर्षातून एकदाच येते. भूक, राग, एकटेपण आणि थकवा, या चारांपैकी दोन एकत्र आले की तलफ येते, आणि दुकान बंद करताना तुमच्याकडं चारही असतात: दुपारचं जेवण उशिरा, उधारीवरून कुणाशी तरी तणतण, पोऱ्या घरी गेलेला, पाय दुखतायत. म्हणून सहालाच काहीतरी पोटात जाऊ द्या. भाकरी-पिठलं आणा, नाहीतर शेंगदाणे-गूळ. गोड खावंसं वाटतंय म्हणून लाजू नका, या दिवसांत बहुतेकांना वाटतं. घरी जायचा रस्ता बदला, लांब पडला तरी. तलफ साधारण पंधरा-वीस मिनिटं, फार तर अर्धा तास जोरात असते, मग उतरते. तेवढा वेळ कुणाशी तरी फोनवर बोलत चाला. म्हणूनच म्हणते, फोन लावता येईल असा माणूस आधी तयार पाहिजे.

रात्री दोनला जाग येते म्हणता. ती काही आठवडे येत राहील, दारूनं बिघडवलेली झोप दारू सोडल्याच्या दिवशी परत येत नाही. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या मात्र आणू नका, एक खोड जाऊन दुसरी लागते. आणि एक गोष्ट स्पष्टच बोलते. या दिवसांत मन कधी कधी फार खाली जातं. तुमच्या दुकानात विषारी औषधांचे खोके आहेत. जगण्यात राम नाही असं ज्या रात्री वाटेल त्या रात्री दुकानाची किल्ली भावाकडं द्या आणि १४४१६ हा टेली मानसचा नंबर लावा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्रीही कुणीतरी उचलतं.

इथं जरा इतर वाचकांशी बोलते. या भाऊंनी पहिले चार दिवस अंगावर काढले आणि निभावले, हे नशीब समजा. त्यांचं बघून करू नका. जो रोज भरपूर पितो, सकाळी उठल्यावर हात थरथरतो म्हणून घेतो, ज्याला आधी कधी फिट आलीय, त्यानं घरच्या घरी एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात माणूस भ्रमिष्टासारखा होऊ शकतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलतो, ताप चढतो. अशाला 'बाहेरचं लागलं' म्हणून भगताकडं नेलेलं मी ऐकलंय. ही दवाखान्यात भरती करायची वेळ असते. नुसती ग्लुकोजची सलाईनही पुरत नाही. बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टरांना दारूचं खरं प्रमाण सांगा, ताप म्हणू नका. लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं शंकरराव चव्हाण, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, इथं मानसोपचार विभाग आहेत. व्यसनमुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतं.

आणि ज्या बहिणी 'भाजीत कालवायची पावडर' विचारतात त्यांना: नको. अशा पावडरींत काय असतं ते कुणी सांगत नाही. दारूशी रिअॅक्शन होणारी एक गोळी डॉक्टर देतात, पण ती माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं, तपासणी करून. न सांगता दिली आणि तो प्यायला तर रक्तदाब कोसळतो, छाती भरून येते. त्यानं जीव जाऊ शकतो.

भाऊ, तुम्हीही एकदा मानसोपचार विभागात जाऊन या. २३ दिवस झालेत म्हणून गरज नाही असं नसतं. तलफ कमी करणारी औषधं आहेत, ती तुम्हाला हवीत का ते तिथले डॉक्टर लिव्हरच्या तपासण्या बघून ठरवतील.

घसरलात तर? त्या रात्रीच, दुसरा पेग भरायच्या आधी, कुणाला तरी सांगा. सकाळची वाट बघू नका. आणि जुन्या मापानं तर पिऊच नका, थांबल्यामुळं शरीराची सवय गेलेली असते.

हरभऱ्याच्या शेतकऱ्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहिते. पैसे दिलेत, चांगलं केलंत. पण त्याला बाटली चुकली असं सांगितलंत की मी प्यायलो होतो असं? आज लगेच जाऊन सांगा असं माझं म्हणणं नाही. ते मनात राहू द्या. काही महिन्यांनी एखाद्या दिवशी त्याच्या बांधावर जावंसं वाटेल.

आंबिलीचं राहिलं. ताक आणि ज्वारीच्या पिठाचा तो आंबटपणा आहे, दारूशी त्याचा संबंध नाही. (डॉक्टरांनी पुढं ती रिअॅक्शनवाली गोळी दिली तर काय चालतं ते त्यांनाच विचारा. खोकल्याची काही औषधंही तेव्हा चालत नाहीत.) तेव्हा प्या, पोटभर प्या. वहिनींना म्हणावं, यंदा एक गाडगं जास्तीचं भरा, संध्याकाळी घरी आल्यावर लागेल.

तुमची,
ताई